वॉर्डातील आकडे आणि जिल्ह्याची प्रकृती

आपण जिल्हा रुग्णालयातील मेडिसिन विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहात आणि वर्षभरात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांचे केसपेपर आपण तपासले आहेत. त्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आहेत, पन्नाशी-साठीतील रुग्णांची गर्दी आहे, आणि मधुमेह व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण घरोघरच्या सर्वेक्षणांतून येणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे. यावरून जिल्ह्यातील प्रौढांच्या आरोग्याविषयी काय म्हणता येईल, आणि प्रबंधातील पहिला तक्ता, म्हणजे वय, लिंग, व्यवसाय, सहव्याधी यांचा तक्ता, कसा मांडावा, असे आपण विचारले आहे.

जिल्ह्याविषयी थेट काहीही म्हणता येणार नाही, हे आधी स्पष्ट करतो. पण तेवढे सांगून थांबणे आपल्या मेहनतीवर अन्याय करणारे होईल, कारण या आकड्यांतून सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वॉर्डातील प्रत्येक आकडा दोन गोष्टींचा मिळून बनलेला असतो : कोणाला आजार झाला, आणि आजारी पडलेल्यांपैकी कोण खाटेपर्यंत पोहोचले. या दोन गोष्टी शक्य तितक्या वेगळ्या करणे, हेच या तक्त्याचे खरे काम आहे.

रुग्णालयातील प्रमाण किती फसवे असू शकते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयातील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये गणिताने दाखवून दिले. त्यांनी मधुमेह आणि पित्ताशयाचा दाह यांचे उदाहरण घेतले होते. मी आपल्यासाठी सोपे काल्पनिक आकडे घेतो. समजा, एका परिसरात १०,००० प्रौढ आहेत. त्यांपैकी १,००० जणांना मधुमेह आणि ५०० जणांना हर्निया आहे, आणि या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग दोन्ही असलेले ५०, केवळ मधुमेह असलेले ९५०, केवळ हर्निया असलेले ४५० आणि दोन्ही नसलेले ८,५५० होतात. आता वर्षभरात दोन्ही नसलेल्यांपैकी १ टक्का, एक आजार असलेल्यांपैकी १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांपैकी २० टक्के लोक दाखल होतात असे धरा. वॉर्डात एकूण सुमारे २३६ माणसे येतील, त्यांपैकी १०५ मधुमेही असतील. परिसरात १० टक्के असलेला मधुमेह रुग्णालयात सुमारे ४५ टक्के दिसेल. शिवाय हर्नियाच्या ५५ रुग्णांपैकी केवळ १० मधुमेही, म्हणजे १८ टक्के, आणि हर्निया नसलेल्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिक मधुमेही दिसतील. हर्नियामुळे मधुमेहापासून संरक्षण मिळते असा निष्कर्ष कोणी भाबडेपणाने काढूही शकेल. नोंदीत एकही चूक नसताना, केवळ दाखल होण्याची शक्यता आजारागणिक वेगळी असल्यामुळे हे घडते. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणात (इंडियाब, २०२३ मध्ये प्रसिद्ध) प्रौढांमधील मधुमेहाचे ११.४ टक्के हे जे प्रमाण आले, त्याच्या शेजारी आपल्या वॉर्डाचे प्रमाण ठेवून ‘आमच्या जिल्ह्यात मधुमेह अधिक’ असे लिहू नये.

आता एकेका रकान्याकडे वळतो. वयाचा रकाना सर्वांत निरुपद्रवी वाटतो, पण आपल्याकडे तो सर्वांत कच्चा असतो. आपल्या यादीतील वयांचा एकेका वर्षाचा आलेख काढून पाहा. ४०, ४५, ५०, ६०, ६५ या वयांवर उंच सुळके आणि ४१, ४९, ५९ यांवर खड्डे दिसतील. केसपेपर काढताना नातेवाईक ‘असेल साठ’ असे म्हणतात आणि खिडकीवरील कर्मचारी साठ लिहितो. आधार कार्ड आल्यापासून हा प्रश्न सुटला असे वाटते, पण जन्मतारखांचा रकाना तारखेनुसार लावून पाहा : १ जानेवारी आणि १ जून या दोन तारखांना जन्मलेल्यांची संख्या इतर कोणत्याही दिवसाच्या कित्येक पट निघेल. १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख असते, आणि १ जानेवारी ही केवळ वर्ष माहीत असलेल्यांसाठी संगणकात भरलेली. ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ व्या वर्षापासून मिळते, एसटीची अर्धी सवलत ६५ पासून आणि मोफत प्रवास ७५ पासून आहे. त्यामुळे कागदावरील वय या उंबरठ्यांच्या थोडे पुढे सरकलेले असू शकते.

या कच्चेपणाचे मोजमाप करता येते. २३ ते ६२ या वयोगटातील ज्यांचे वय ० किंवा ५ या अंकाने संपते त्यांची संख्या पाचाने गुणून त्या वयोगटातील एकूण संख्येने भागावी आणि शंभराने गुणावे. यालाच व्हिपल निर्देशांक म्हणतात. उत्तर १०० च्या आसपास आले तर वये विश्वासार्ह आहेत, ५०० आले तर सर्वांनीच ० किंवा ५ ने संपणारे वय सांगितले आहे. रुग्णांची वये मुळातच सारखी विभागलेली नसतात, म्हणून वॉर्डासाठी हा निर्देशांक ढोबळ समजावा. पण प्रबंधात हा एक आकडा दिला तर परीक्षकाला आपल्या वयाच्या रकान्यावर किती भिस्त ठेवावी हे एका ओळीत कळते. शून्याचे सुळके सर्वांत उंच असल्यामुळे मी वयोगट ४०–४९, ५०–५९ असे न करता ३५–४४, ४५–५४, ५५–६४ असे करण्याचा सल्ला देतो, म्हणजे ४०, ५० आणि ६० हे सुळके गटाच्या मध्यभागी राहतात आणि खरे वय ३८ असलेला माणूस चाळीस लिहिला गेला तरी त्याच गटात पडतो.

पुढील वर्षी नव्याने माहिती गोळा करणार असाल, तर वृद्ध रुग्णाला वय विचारण्याऐवजी घटना विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?’ या प्रश्नाला आजी सहज उत्तर देतात : ‘लग्न झालं होतं, थोरला पोटात होता, खडी फोडायला जात होते.’ एवढ्यावरून त्यांचे जन्मवर्ष दोन-तीन वर्षांच्या फरकाने ठरवता येते. सातारा-कोल्हापूरकडे डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, पुण्यात जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, लातूर-धाराशिवमध्ये ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, अशी आपापल्या भागाची घटनांची यादी करून खाटेशी ठेवावी. हे काम वेळखाऊ आहे, पण ज्या अभ्यासात वयावर औषधाची मात्रा किंवा मृत्यूचा धोका ठरवायचा आहे, तेथे ते टाळून चालत नाही.

प्रौढ कोणाला धरले, हेही लिहा. अनेक रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतची मुले घेतो, आणि तेरा ते सतरा वर्षांची मुले मेडिसिनच्या वॉर्डात येतात. आपली व्याख्या १८ पूर्ण अशी असेल, तर ही मुले बाजूला काढली आहेत याची खात्री करून घ्यावी.

लिंगाच्या रकान्यावर अधिक वेळ द्यावा असे मला कळकळीने वाटते. प्रथम, प्रसूती विभाग धरला आहे की नाही हे स्पष्ट करा. तो धरला तर १८ ते ३५ वयोगटात स्त्रियाच अधिक दिसतात आणि रुग्णालय स्त्रियांची उत्तम काळजी घेते असे चित्र उभे राहते, वगळला तर चित्र उलटते. आपण केवळ मेडिसिन विभाग घेतला आहे, म्हणजे दुसरे चित्र आपल्यासमोर आहे. मग तुलना कशाशी करायची? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, म्हणजे लोकसंख्येत पुरुष सुमारे ५२ टक्के. पण ही सरासरी सर्व वयांची आहे. साठीच्या पुढे राज्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आहे. त्यामुळे आपल्या वॉर्डात साठीपुढील रुग्णांमध्ये पुरुष अधिक असतील, तर तफावत दिसते त्याहून मोठी आहे, आणि तक्ता वयोगटानुसार न फोडता एकत्र दिला तर हीच गोष्ट लपून जाते.

या तफावतीत आजाराचा वाटा किती आणि घरातील निर्णयाचा किती, हे तपासण्याची एक चांगली वाट दिल्लीच्या एम्समधील एका अभ्यासाने दाखवली आहे. २०१६ मधील बाह्यरुग्ण विभागाच्या सुमारे २४ लाख भेटींचा तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दर स्त्रीमागे पुरुषांचे प्रमाण एकूण १.६९ होते; पण दिल्लीतील रुग्णांत ते १.४१, हरियाणातील रुग्णांत १.७०, उत्तर प्रदेशातील १.९८ आणि बिहारमधील रुग्णांत २.३७ होते. त्या त्या राज्यातील मूळचे लिंगगुणोत्तर वेगळे असते हे लक्षात घेऊनही अंतर वाढते तशा स्त्रिया गळत जातात, हे त्यातून दिसले. जीवशास्त्राने हे घडत नाही. यकृत किंवा हृदय गावापासूनच्या किलोमीटरनुसार बदलत नाही. आपल्याकडे प्रत्येक केसपेपरवर तालुका लिहिलेला असतो. रुग्णालयाच्या शहरातील रुग्ण, शेजारच्या तालुक्यांतील रुग्ण आणि जिल्ह्याच्या टोकाकडील रुग्ण अशी तीन भागांत विभागणी करून प्रत्येकात पुरुष व स्त्रिया मोजा. दूरच्या तालुक्यात स्त्रियांचा वाटा घसरत असेल, तर तो आपल्या प्रबंधातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरेल, आणि त्यासाठी एकही नवी तपासणी करावी लागणार नाही. त्याचबरोबर दारूमुळे होणारे यकृताचे आजार पुरुषांत खरोखरच अधिक असतात, हृदयविकाराचा झटका पुरुषांना तुलनेने लवकरच्या वयात येतो, म्हणून ही निदाने वेगळी काढून उरलेल्यांचे प्रमाणही द्यावे. न्यूमोनिया, ताप, मूत्रपिंडाचे विकार यांतही पुरुषच बरेच अधिक दिसत असतील, तर कारण वॉर्डाबाहेर शोधावे लागते. वॉर्डात न दिसलेली स्त्री आजारी पडली नव्हती असे नाही. तिला आणायला कोणी मोकळे नव्हते, मागे गुरांचे आणि लेकरांचे कोण पाहणार होते, हे आपण रोज ऐकतो.

पत्त्याविषयी एवढेच सांगतो की कायमचा पत्ता आणि सध्याचा मुक्काम हे दोन वेगळे रकाने असावेत. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील रुग्ण कारखान्याच्या तळावर आजारी पडतो, पण त्याच्या आधार कार्डावर बीडचे गाव असते. तापाच्या साथीचा माग काढताना कार्डावरील गाव आपल्याला भलतीकडे नेते. ऋतूनुसार रुग्ण बदलतात, म्हणून अभ्यास पूर्ण वर्षाचा असावा. केवळ जून ते सप्टेंबरचे केसपेपर घेतले तर डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश यांनी तरुण, कष्टकरी रुग्णांचा वाटा वाढतो. केवळ हिवाळा घेतला तर दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार) आणि हृदयविकार असलेले वृद्ध वाढतात. आपण वर्ष पूर्ण घेतले, हे चांगले केले.

व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक स्त्रियांपुढे ‘गृहिणी’ आणि बहुतेक ग्रामीण पुरुषांपुढे ‘शेती’ लिहिलेले असेल. हे दोन्ही शब्द आपल्याला फारसे काही सांगत नाहीत. दिवसभर कापूस वेचणारी, निंदणी-खुरपणी करणारी स्त्रीही गृहिणी म्हणूनच नोंदली जाते, आणि दहा एकरांचा मालक व रोजंदारीवर फवारणी करणारा मजूर दोघेही शेती या एकाच शब्दाखाली येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा हा फरक जीवन-मरणाचा ठरला. ‘गेल्या महिन्यात कोणकोणती कामे केली?’ असा प्रश्न विचारून उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि वर्गवारी नंतर करावी. आर्थिक स्थितीसाठी ग्रामीण भागात बी. जी. प्रसाद यांची, दरडोई मासिक उत्पन्नावर आधारलेली श्रेणी वापरली जाते. ती चालू वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सुधारलेली असली पाहिजे. रेशन कार्डाचा रंग ही पूरक माहिती म्हणून घ्या, उत्पन्नाचा पर्याय म्हणून नव्हे. आणि वर्षांची तुलना करणार असाल तर १५ ऑगस्ट २०२३ ही तारीख विसरू नका. त्या दिवसापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले; आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांच्या रूपरेषेत फरक दिसला, तर त्याचे श्रेय किंवा दोष आजाराला देण्याआधी या निर्णयाचा विचार करावा लागेल.

आता आरोग्यविषयक रकाने. मधुमेह ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा दुहेरी रकाना ठेवू नका. दाखल होण्यापूर्वी निदान झालेला, दाखल झाल्यावर प्रथमच कळलेला, आणि तीव्र आजारातील ताणामुळे तात्पुरती वाढलेली साखर, असे तीन गट करावेत. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडवणारी गंभीर अवस्था) किंवा हृदयविकाराच्या झटक्यात दाखल झालेल्या रुग्णाची पहिल्या रात्रीची साखर २०० च्या वर गेली म्हणून तो मधुमेही ठरत नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर साखर आधीपासून वाढलेली होती असे सहसा मानता येते. पण येथेही आपल्या रुग्णांचा स्वभाव ओळखावा : लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्यामुळे तो खोटा कमी येतो किंवा मोजणीच बिघडते. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भातील आदिवासी पट्ट्यात ही केवळ पुस्तकी शंका राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी आहे, तेथे एचबीएवनसीचा रकाना हिमोग्लोबिनच्या रकान्याशिवाय वाचूच नये.

रक्तक्षयासाठी प्रौढ पुरुषांत १३, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ आणि गर्भवतींमध्ये ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादा वेगवेगळ्या लावल्या आहेत का, हे पुन्हा तपासा. सर्वांना एकच मर्यादा लावलेले तक्ते मी आजही पाहतो. रक्ताचा नमुना सलाइन सुरू करण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हेही लिहावे.

तंबाखूच्या बाबतीत प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि ‘मशेरी लावता का?’ असे विचारताच ‘सकाळ-संध्याकाळ’ असे उत्तर येते. दात घासणे आणि तंबाखू खाणे या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवरून माहिती घेतली असेल, तर स्त्रियांमधील तंबाखूसेवन कमी नोंदले गेले असण्याची शक्यता प्रबंधात उघडपणे लिहा. दारूबाबत उलट अडचण येते; रुग्ण प्रमाण कमी सांगतो आणि पत्नी बाहेर आल्यावर खरे सांगते, म्हणून माहिती कोणी दिली याचा रकाना ठेवावा.

वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) यांचे रकाने अनेक ठिकाणी रिकामे असतील. ते कोणाचे रिकामे आहेत ते पाहा. उभे राहू न शकणारा, व्हेंटिलेटरवरचा, पक्षाघाताचा रुग्ण काट्यावर चढत नाही. म्हणजे सर्वांत गंभीर रुग्णांचीच मोजमापे गळतात आणि उरलेल्यांची सरासरी वॉर्ड आहे त्याहून धडधाकट दाखवते. अशा रुग्णांत दंडाचा घेर मोजणे हा सोपा पर्याय आहे. जलोदर किंवा अंगावर सूज असेल तर वजनावर विसंबू नये. भारतीयांसाठी २३ ते २४.९ हे अतिवजन आणि २५ पासून स्थूलता अशा मर्यादा वापराव्यात, पाश्चात्त्य तक्त्यातील २५ आणि ३० नव्हेत. कोणतीही पोकळी सरासरीने भरू नका. प्रत्येक रकान्यापुढे किती रुग्णांची माहिती उपलब्ध आहे ते लिहा. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ मध्ये आलेली स्ट्रोब मार्गदर्शक तत्त्वेही हीच अपेक्षा ठेवतात.

मांडणीविषयी दोन गोष्टी. आपण माणसे मोजली की दाखले, म्हणजे दाखल होण्याच्या नोंदी, हे तक्त्याच्या शीर्षकातच असावे. हृदय निकामी झालेला एक रुग्ण वर्षात पाच वेळा दाखल झाला, तर दाखल्यांच्या तक्त्यात तो पाच वृद्ध पुरुष म्हणून दिसतो. पहिल्या दाखल्यापुरता तक्ता काढून पुनर्दाखल वेगळे द्यावेत; नाव व गाव सारखे असलेले रुग्ण पुष्कळ असतात, म्हणून जुळणी करताना केवळ नावावर जाऊ नये. दुसरे, रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक), साखर यांची विभागणी एका बाजूला लांबलेली असते. तेथे सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थकांतर (मधले निम्मे आकडे ज्यात येतात ते अंतर) द्या. वयाची सरासरी चालेल, पण वर सांगितलेले सुळके पाहता मध्यकही ५० किंवा ६० वर जाऊन बसेल, त्याला फार अर्थ देऊ नका.

शेवटचा मुद्दा केसपेपर मिळवण्याचा आहे आणि तो बहुतेक प्रबंधांत सुटतो. रेकॉर्ड विभागात सर्व फायली एका फडताळात नसतात. विषप्राशन, सर्पदंश, भाजणे, अपघात अशा पोलीस नोंद असलेल्या प्रकरणांच्या फायली सहसा वेगळ्या, कुलुपात ठेवल्या जातात, मृत्यूच्या फायलीही अनेक ठिकाणी स्वतंत्र असतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेलेल्यांचे कागद कधी वॉर्डातच राहतात. आपण नेहमीच्या फडताळातून नमुना घेतला असेल, तर तरुण शेतकरी, तरुण स्त्रिया, सर्वांत गंभीर वृद्ध आणि पैसे संपल्याने घरी नेलेले रुग्ण आपल्या तक्त्यातून आधीच वजा झालेले असतील. इनडोअर रजिस्टर या दाखल रुग्णांच्या नोंदवहीतील वर्षभराच्या एकूण नोंदी महिन्यानुसार मोजा, आपल्याला मिळालेल्या फायली त्यांच्याशी ताडून पाहा, आणि न मिळालेल्या फायलींतील रुग्णांचे वय, लिंग, तालुका व अंतिम स्थिती रजिस्टरवरूनच उतरवून घेऊन मिळालेल्यांच्या शेजारच्या स्तंभात द्या. रजिस्टरात एवढी माहिती असतेच, आणि दोन माणसे बसली तर हे काम आठवडाभरात पुरे होते.